बाभळीचा दांडका आणि सव्वाशेराचा टाक

तेर गावात त्या काळी घड्याळं मोजकीच होती, आणि त्यांचंही एकमेकांशी पटत नसे. गावाचं खरं घड्याळ म्हणजे शिवलिंगप्पांच्या तेलगिरणीचं इंजन. सकाळी ते टुक टुक टुक करायला लागलं की बाया म्हणायच्या, "आठ वाजले बाई," आणि तव्यावरची भाकर घाईनं उलटायच्या. तेरणा नदीपल्याडच्या रानात शेंगा तोडणाऱ्या माणसांनाही तो आवाज जायचा. आज हे सांगितलं तर लोक हसतात. हसू द्या. ज्यांनी तो ऐकलाच नाही त्यांच्याशी काय वाद घालायचा?

गंमत अशी, की साऱ्या शिवाराला ऐकू जाणारा तो आवाज एका माणसाला मात्र ऐकू येत नव्हता. आणि तो माणूस रोज दहा तास त्या इंजनाच्या पुढ्यात उभा असायचा.

चाँदपाशा त्याचं नाव. निजामाच्या अमदानीत ते इंजन ढोकी स्टेशनावर उतरलं, बैलगाड्यांवर चढलं आणि तेरला आलं, तेव्हा पोरसवदा चाँदपाशा चाकाला बांधलेला दोर धरून सोबत चालत आला होता. तिथून पुढं तो इंजनाचाच झाला. निजाम गेला, मुलूख हिंदुस्थानात आला, मग मुंबई राज्य झालं, मग महाराष्ट्र झाला. चाँदपाशा म्हणायचा, "सरकारं चार बघितली, वंगण तेच." आणि तेलकट फडक्यानं चाक पुसायला लागायचा.

कान त्याचा लहानपणापासून वाहायचा. आधी एक, मग दोन्ही. हमिदाबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, लसणाचं कोमट तेल घातलं, दर्ग्यातून उदी आणली, सोलापूरच्या डॉक्टरला दाखवलं. सत्तावन्न सालच्या आसपास एक दिवस चाँदपाशा गिरणीतून घरी आला आणि तिला म्हणाला, "आज इंजन लई हळू बोलत होतं." हमिदाबी काय ते समजली. पदर तोंडाला लावून आत गेली.

दुसऱ्या कुणाला त्यांनी कळू दिलं नाही. कसं कळू देणार? इंजनवाला म्हणजे कान. पान्याची मूठ कानाला आणि टोक बेरिंगला लावून ऐकायचं आणि सांगायचं, 'ह्याला वंगण कमी आहे, त्याचा आतला पितळी ब्रास सैल झालाय.' बहिरा माणूस इंजनावर म्हणजे आंधळा माणूस राखणीला. मालकानं एका दिवसात हातात दाभण दिलं असतं आणि पोती शिवायला बसवलं असतं. चाँदपाशाला पोती शिवायची लाज नव्हती. पण इंजनाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला बघवला नसता, हे खरं.

एकदा असाच वैतागून त्यानं बाभळीच्या दांडक्याचं एक टोक बेरिंगवर टेकवलं आणि दुसरं, रागारागानं, दातांत चावलं. आणि काय सांगायचं! सगळं इंजन डोक्यात उतरलं. बेरिंगमधली सळसळ, पट्ट्याचा सांधा चाकावरून जाताना बसणारा टिचका, दट्ट्याचा दणका, सगळं दातांतून कवटीत. चाँदपाशा तिथंच खाली बसला आणि लहान लेकरागत रडला. डोळ्यांत धूर गेला, असं त्यानं नंतर हमालांना सांगितलं.

तेव्हापासून दांडका त्याच्या कमरेला. लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला दातवणाची खोड आहे. दर जुम्म्याला नमाज पढून आला की तो दांडका दातांत धरून इंजनाचे दोन्ही बेरिंग तपासायचा, आणि मग पेंडीच्या खोलीत जाऊन, डांबर लावलेल्या दाराच्या मागल्या अंगाला खडूनं एक उभी रेघ ओढायचा. दातांत जेवढी थरथर, तेवढी उंच रेघ. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून रेघ. बोटभर असली की सगळं ठीक. वीतभर गेली की पाना काढायचा. पाचेक वर्षांत ते दार रेघांनी भरत आलं होतं. कोण बघतंय दाराच्या मागं? पेंडीची पोती काढताना दार भिंतीला टेकवून सताड उघडं, आणि एरवी उंदीर लागू नयेत म्हणून बाहेरून बंद.

बाकी जग त्यानं ओठांवरून वाचायला शिकून घेतलं. इंजनघरात सगळेच ओरडून आणि हातवारे करून बोलतात, तिथं कुणाला शंका येत नसे. बाहेर मात्र तो माणसं टाळायचा, आणि नाहीच टाळता आली तर मान डोलवायचा, "व्हय, व्हय." अडचण एकाच माणसाची होती, आणि तो नेमका मालक. शिवलिंगप्पांच्या मिशा अशा झुपकेदार की वरचा ओठ कुणी पाहिलेलाच नाही. चहा पिताना त्या मिशा आधी भिजायच्या. त्या मिशांआड मालक काय बोलतात हे देवालाच ठाऊक. चाँदपाशा अंदाजानं मान हलवायचा, आणि बरीच वर्षं त्याचा अंदाज बरोबर यायचा.

घरात तर अजून अवघड. हमिदाबीला मोठ्यानं बोलायची चोरी, भिंतीला भिंत लागून शेजार. मग ती खुणा करायची. जेवण झालं का, पाणी तापलंय, लेकीचं पत्र आलंय, सगळ्याच्या खुणा. तिचा गळा गोड होता. पहाटे जात्यावर बसली की पलीकडच्या आळीतल्या बाया आपलं जातं थांबवायच्या. चाँदपाशाला ते जात्यावरचं गाणं आठवायचं, पण आवाज कसा होता हे आठवेनासं झालं होतं. दुसरं काही गेलं तरी त्याला एवढं वाटलं नसतं.

बासष्टच्या दसऱ्याची गोष्ट. मालकांच्या आई, नागूबाई, यांनी नातवासाठी अणदूरच्या खंडोबाला नवस बोलला होता. नातू झाला. नवस असा, की देवाचा टाक गिरणीच्या चाकावर बसवीन. चांगला सव्वाशेर वजनाचा पितळी टाक त्यांनी घडवून आणला, घोड्यावर बसलेला खंडोबा. किलो आले होते, पण नागूबाईंचा नवस शेरातच होता. खंडेनवमीला इंजन धुऊनपुसून, हळदकुंकू लावून उभं केलं. चाँदपाशानं स्वतःच्या हातानं चार बोल्ट मारून टाक चाकाच्या कडेला आतल्या अंगानं बसवला. हलगी वाजत होती. मालक त्याच्याकडं वळून मिशांआडून काहीतरी बोलले. बोल्ट घट्ट बसलेत का, असं विचारत असतील म्हणून चाँदपाशानं मान डोलवली. "व्हय मालक. एकदम."

त्याला वाटलं, पूजेपुरतं आहे. दोन दिवसांनी पाना घेऊन टाक काढायला गेला तर नागूबाई कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या. "हात लावू नगंस! देव आता हितंच ऱ्हाणार. शिवलिंगानं तुला इचारलं न्हवं, कायमचा ठिवला तर इंजनाला चालंल का म्हणून? आन् तू काय म्हणलास?"

चाँदपाशानं त्यांच्या ओठांवरून सगळं वाचलं आणि पाना खाली ठेवला.

आता काय सांगणार? ऐकू आलं नाही म्हणावं तर पाच वर्षांचं झाकलेलं उघडं पडतं. आणि फिरत्या चाकाच्या एकाच बाजूला सव्वाशेर वजन म्हणजे चाक फेऱ्यागणिक हिसके देणार, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं टाक तसाच राहू दिला. जुम्म्याला दांडका दातांत धरला तर दाढा झिणझिणल्या. रेघ चार बोटं उंच आली. पुढच्या जुम्म्याला तेवढीच. संक्रांतीपर्यंत ती वीतभर झाली. पूर्वी चार वर्षं टिकणारा ब्रास त्या हंगामात दोनदा बदलावा लागला. इंजनघराच्या भिंतीला भेग गेली.

मालक चिंतेत पडले. गावात विजेचे खांब आले होते. मोटार घ्यावी का, असं बोलणं सुरू झालं. मोटारीला काय, खटका दाबला की झालं. तिला वंगण कोण घालतंय आणि चाँदपाशा कशाला लागतोय? तो रोज घरी येऊन हमिदाबीपुढं हात जोडायचा, "माझ्याच मानेनं घात केला गं."

अशात ईद होऊन आठदहा दिवस झाले असतील, सोलापूरहून भीमाशंकर नावाचा एक तरुण इंजिनिअर आला. आसपासच्या गिरण्यांतल्या इंजनवाल्यांना तीन दिवसांचं शिक्षण द्यायचं ठरलं होतं, आणि इंजन मोठं म्हणून जागा शिवलिंगप्पांची. ढोकीचा उत्तरेश्वर, मुरूडचा लालमहंमद, असे दहाबारा जण पोत्यांवर येऊन बसले. विषय काय, तर मशीनची थरथर. ती कशी मोजायची, कशी लिहून ठेवायची आणि मशीन मोडायच्या आधी तिचं दुखणं कसं ओळखायचं. लालमहंमद म्हणाला, "घ्या! आता थरथरीची बी शाळा निघाली!"

भीमाशंकरला मिशी नव्हती, हे चाँदपाशाचं नशीब. तो पुढंच बसला आणि त्या पोराच्या ओठांवरची नजर त्यानं तीन दिवस ढळू दिली नाही. भीमाशंकरजवळ एक पेटी होती, तिला वायर, वायरीच्या टोकाला पितळी बोंड. बोंड बेरिंगवर टेकवलं की पेटीतला काटा हलायचा. आडवं धरा, उभं धरा, चाकाच्या दांड्याच्या तोंडाशी धरा, तिन्हीकडची थरथर वेगळी, असं तो शिकवत होता. "आणि एक लक्षात ठेवा," तो म्हणाला, "नुसत्या आजच्या आकड्याला काही अर्थ नाही. वैद्य काय करतो? काल ताप किती होता, आज किती आहे, हे बघतो. मशीनचंही तसंच. दर आठवड्याला, त्याच जागी, त्याच वेळी मोजा आणि लिहा." चाँदपाशाच्या अंगावर काटा आला. हे तर आपण करतोय! त्याला ओरडून सांगावंसं वाटलं. पण सांगायचं म्हणजे दात दाखवायचे, आणि दात दाखवले की कान दिसणार.

तिसऱ्या दिवशी भीमाशंकरनं मालकांच्या इंजनालाच बोंड लावलं. काटा सर्रकन उजवीकडं गेला. पोरगं गंभीर झालं.

"मालक, दोनच गोष्टी संभवतात. हे पहिल्यापासून असंच असेल, तर पाया आणि दांडा दोन्ही गेलेत, विकून टाका. किंवा अलीकडं काहीतरी झालं असेल, तर दुरुस्त होईल. पण जुनी नोंद असल्याशिवाय मी कसं सांगू?"

मालकांनी मान खाली घातली. मिशा हलल्या. ते काय बोलले ते चाँदपाशाला कळलं नाही, पण त्यांनी इंजनाच्या चाकावरून ज्या तऱ्हेनं हात फिरवला, तो त्याला कळला. म्हातारं जनावर बाजाराला काढताना माणूस फिरवतो तसा.

चाँदपाशा उठला. "साहेब, नोंद हाय."

तो सगळ्यांना पेंडीच्या खोलीत घेऊन गेला आणि दार लावून घेतलं. खिडकीच्या उजेडात काळ्या दारावर पांढऱ्या रेघाच रेघा. ओळीखाली ओळ, एकसारख्या, बोटभर. फक्त शेवटच्या ओळीत त्या एकदम उंच झालेल्या.

"ह्या कुणी काढल्या? कशानं मोजलं?" भीमाशंकरनं विचारलं.

चाँदपाशानं कमरेचा दांडका काढून दातांत धरून दाखवला. "दर जुम्म्याला एक रेघ." कुणीतरी हसलं. भीमाशंकर हसला नाही. तो शेवटच्या रेघेपासून मागं बोट ठेवत मोजत गेला. "दर शुक्रवारची एक म्हणता ना? मग बावीस आठवड्यांपूर्वी थरथर एकदम वाढली. हळूहळू नाही, एका आठवड्यात. त्या आठवड्यात काय केलं होतं इंजनाला?"

उत्तरेश्वरनं बोटं मोजली. "दसरा व्हता की."

सगळे परत इंजनघरात आले. इंजन आता बंद होतं. चाकावर खंडोबा, ताजं कुंकू लावलेला. सगळ्यांनी एकदम तिकडं बघितलं. शेवटी भीमाशंकरच चाचरत म्हणाला, "ते... ते पितळेचं काय आहे?"

मालक तटकन काहीतरी बोलले. चाँदपाशानं लालमहंमदचा दंड धरला. "काय म्हणले मालक?"

"तुझंच नाव घेतलंय," लालमहंमद त्याच्याकडं तोंड करून बोलला. "म्हणतेत, टाकाचा दोष न्हाय. म्या चाँदपाशाला इचारून बसवलाय. चाँदपाशा चालंल म्हणला म्हणजे चालतंय. ह्या पेटीपरीस माझा त्याच्यावर भरवसा हाय. पायाच गेला आसंल, मोटार घिऊ."

अरे देवा! माणसानं भरवसा तरी किती टाकावा? शिवी दिली असती तर चाँदपाशानं सोसली असती. गप राहिलं तर मालकाचा शब्द राहतो आणि इंजन जातं. बोललं तर इंजन राहतं आणि आपण जातो. त्याला दोर धरून ढोकीहून आलेला तो रस्ता आठवला.

"मालक," तो म्हणाला, आणि स्वतःचा आवाज किती मोठा येतोय हे त्याला कळत नव्हतं, "म्या चालंल म्हणलंच न्हाय. तुमी काय इचारलं ते मला ऐकू आलं न्हवतं. म्या भैरा हाय. सव्वापाच वर्सं झाली. म्या सगळ्यांस्नी फशिवलं. आता पोती शिवायला बशिवलं तरी माझी तक्रार न्हाय, पण इंजन इकू नका. त्याला काय झालेलं न्हाय, गुन्हा माझ्या मानेचा हाय."

मालक त्याच्या पुढ्यात आले. मग बोलू लागले. बराच वेळ बोलले, हातवारे न करता. चाँदपाशा जीव डोळ्यांत आणून बघत होता आणि त्याला मिशांशिवाय काही दिसत नव्हतं. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "मालक, मिशांमुळं कळत न्हाय वो!"

इंजनघर हसून कोसळलं. मालक हसले नाहीत. लाल झाले आणि तडक निघून गेले. संपलं सगळं, असं चाँदपाशाला वाटलं.

भीमाशंकर मात्र थांबला नाही. सव्वाशेराचा लोखंडी तुकडा शोधून त्यानं चाकाच्या बरोबर समोरच्या बाजूला बोल्टनं बसवला आणि इंजन चालू करायला लावलं. काटा थरथरला आणि डावीकडं येऊन बसला. चाँदपाशानं दांडका दातांत धरला. बोटभर!

तेवढ्यात नागूबाई आल्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "देवाच्या म्होरं लोखंडाचा ठोकळा? जमायचं न्हाय! देव काढायचा बी न्हाय आन् ठोकळा ठिवायचा बी न्हाय."

भीमाशंकर वायर गुंडाळायला लागला. चाँदपाशा पुढं झाला. "अम्मा, तुमचा देव ऱ्हातो कुठं?"

"अणदूरला."

"बाराही महिने?"

नागूबाईंनाच काय, साऱ्या मुलखाला ठाऊक होतं, सव्वादहा महिने देव अणदूरला आणि पावणेदोन महिने नळदुर्गला. दोन्ही गावांचा मान राखायला देव दर साल पालखीतून ये-जा करतो.

"मंग हितं बी दोन्हीकडं ऱ्हाऊ द्या की," चाँदपाशा म्हणाला. "ह्या बाजूला अणदूर, त्या बाजूला नळदुर्ग. तसलाच दुसरा टाक, सव्वाशेरच. तोळाभर बी कमी-जास्त नगं."

नागूबाईंनी चाकाला हात जोडले. मग म्हणाल्या, "भैरा झाला तरी अक्कल शाबूत हाय रं तुजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी चाँदपाशा किल्ल्या परत द्यायला गिरणीत गेला. ओसरीवर एक अनोळखी माणूस बसला होता. वरचा ओठ उघडा, पांढराफटक, उन्हाची सवय नसलेला. चाँदपाशा सलाम करून पुढं निघाला, दोन पावलं गेला आणि मागं वळला.

शिवलिंगप्पांनी मिशा काढल्या होत्या. लिंगायताच्या घरचा बापजाद्यांचा थाट, गावभर ज्याचं नाव, तो त्यांनी पहाटेच न्हाव्याला बोलावून उतरवला होता.

"आता कळतंय का?" ते सावकाश, ओठ मोठे करत म्हणाले.

चाँदपाशानं मान डोलवली. या खेपेला खरी.

"मंग आठ वाजत आले. गाव खोळंबलंय. इंजन कोण चालू करणार, तुझा बाप?"

त्या दिवशी तेरच्या घड्याळानं दहा मिनिटं उशिरा टोले दिले. चाँदपाशाचे डोळे पुसून होईनात.

दुपारी भाकर खायला घरी आला तर हमिदाबी दारातच उभी. बातमी आधीच तिच्या कानी गेली होती. आता शेजाराची चोरी नव्हती, मोठ्यानं ओरडली असती तरी चाललं असतं. पण ती ओरडली नाही. तिनं त्याच्या कमरेचा दांडका उपसला, एक टोक त्याच्या तोंडापाशी धरलं, दुसरं आपल्या गळ्यावर टेकवलं, आणि डोळ्यांनी म्हणाली, चाव.

त्यानं चावला. आधी नुसतीच गुणगुण आली. जात्यावरची ती जुनी चाल. मग गुणगुण थांबली, आणि ज्या बाईनं तीस वर्षांच्या संसारात 'अजी' आणि 'सुनते का' याशिवाय त्याला हाक मारली नव्हती, ती हळूच म्हणाली,

"चाँद-पाशा."

त्यानं दांडका तोंडातून काढला. "नाव घेतलंस माझं?"

हमिदाबीनं दचकून पदर तोंडावर घेतला. तिला वाटलं होतं, दांडक्यातून नुसती गुणगुण जाते, शब्द ऐकू जाणार नाहीत.